पायांचे भाडे

मकरपुऱ्याच्या फाउंड्रीत मी हिशेब लिहायचे,
म्हणून मला माहीत आहे, त्याचं वजन
अकराशे चाळीस किलो होतं,
चबुतऱ्याचे बोल्ट सोडून.

आज न्यायमंदिरामागच्या सेव-उसळवाल्याकडे
टीव्हीवर त्याच्या गळ्यात दोर टाकत होते.
सगळ्यांच्या माना वर. वाढपी पोरगा
तर्रीची किटली तिरकी धरून तसाच उभा,
एकाच्या पँटवर तेल सांडेपर्यंत.
"खेंचो, खेंचो!" कुणी ओरडलं,
जसं तिकडच्या ट्रकला गुजराती कळतं.
त्या देशाचं नाव दुकानात
दोघांनाही धड सांगता आलं नसतं.
एक बाई पदराने डोळे पुसत होती,
विचारलं तर म्हणाली, तिखट लागलं.

मी घोट्यांकडे बघत होते.
सात तुकड्यांत ओतला होता त्याला. घोट्यांचा जोड
इस्माईलचाचांनी रमजानात केला, उपाशीपोटी,
आणि तेव्हाच म्हणाले होते,
आत लोखंड वाढवा, हा इथूनच जाईल.
लोखंडाचे पैसे मंजूर झाले नाहीत.
मंजूर झाली ती छाती.
वकिलातीचा माणूस फोटो घेऊन यायचा,
दर खेपेला छाती दोन बोटं पुढे.

फोटोत पाय मात्र कधीच नसायचे.
टेबल, फुलं, माईक, आणि तिथे माणूस संपायचा.
शेवटी पंचालशेठनी गेटवरच्या शिर्क्यांना बोलावलं,
पलटणीतून निवृत्त, बूट आरशासारखे.
तीन दिवस ते खोक्यावर उभे राहिले,
गेट उघडं टाकून.
मी व्हाउचर फाडलं:
पायांचे भाडे, रुपये दोनशे चाळीस फक्त.
डाव्या अंगठ्याशी कुरूप होतं त्यांना,
कातडं तिथे फुगलेलं.
ते मेणात आलं, साच्यात आलं,
आणि सोळा वर्षं एक अख्खा देश
शिर्क्यांच्या कुरुपाला सलाम करत राहिला.

पहिल्या हिसक्याला दोर तुटला.
दुकानात कॅच सुटल्यासारखा आवाज झाला.
दुसऱ्याला तो वाकला, आणि
इस्माईलचाचा खरे ठरले.
लोक चपला काढून तोंडावर मारू लागले.
एकजण आत डोकावला.
दोन सूत जाडी, आत आमच्या वीटभट्टीची भुकटी,
त्याने मूठभर काढून हुंगली
आणि कॅमेऱ्याकडे बघितलं,
काहीतरी चुकलंय असं.

आणीबाणी उठली तेव्हा मी सात वर्षांची होते.
दांडिया बाजारात कुणीतरी पेढे वाटत होतं,
मोठी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती.
मला पेढ्याचा कागद आठवतो.
चिकटला होता, कागदासकट खाल्ला.

मग चित्र चबुतऱ्यावर गेलं.
दोन बूट. तेवढेच उभे.
गर्दी घुटमळली. मारायचं तर तोंड नाही,
थुंकायचं तर बूटच ते.
एका पोराने चढून त्यांत पाय घातले,
लगेच काढले, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे.
कुणीतरी उजव्यात पाण्याची बाटली ठेवली.
दुकानात तोवर पाव मागायला सुरुवात झाली होती.

संध्याकाळी शिर्क्यांकडे गेले, वाडीत.
ब्याऐंशी वर्षं, एका डोळ्यात मोतीबिंदू.
मोबाईलवर चित्र मोठं करून दाखवलं.
बराच वेळ नुसता डावा बघत राहिले.
"लेस उलटी ओवलीय," म्हणाले,
"मी अशी बांधत नाही."

काका, तो पडला, मी म्हटलं.

"पडला ना?
मग मला अजून कशाला उभं ठेवलंय?"

आणि खाटेखाली पायानेच
चपला चाचपू लागले.